भासऱ्याची नाडी

आमच्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे मी. तिने माझ्याशी थेट बोलायचं नाही, मी ओट्यावर बसलो असलो तर मागच्या दाराने जायचं, आणि समोर आलोच तर डोक्यावर पदर घ्यायचा. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. मोडायचा विचार मी कधी केला नाही, कारण खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. गावात बाकी कोणी मला पाहून उठून उभं राहत नाही.

गाव यवतमाळकडच्या कळंब तालुक्यातलं, शेत कापसाचं आणि तुरीचं. धाकटा भाऊ वणीकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो आणि सुट्टी मिळेल तसा घरी येतो. त्याची बायको नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या घरात आली. लग्नाच्या बोलणीतच तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की पोरगी कोर्स पुरा करेल, आणि आम्ही मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. मोठ्या मनाला तेव्हा काही खर्च नव्हता.

लेखी पेपर तिने सगळे काढले. प्रॅक्टिकलला नापास झाली.

या प्रॅक्टिकलमध्ये वॉर्डातला खरा पेशंट वाटून देतात. त्याची माहिती विचारायची, नाडी, श्वास, बीपी पाहायचं, त्याला काय हवं नको ते ठरवून करायचं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेजारी उभ्या राहून प्रश्न विचारतात. तीन वर्षं वॉर्डात काढलेली ही मुलगी. लग्नाआधी तिने किती पुरुषांच्या जखमा धुतल्या असतील, किती जणांना कुशीवर वळवलं असेल. मग त्या दिवशी काय झालं हे ती कोणाला सांगेना. शेवटी माझ्या बायकोने ते तिच्याकडून काढून घेतलं आणि जेवताना मला ऐकवलं.

पेशंटला आधी नाव आणि गाव विचारतात. त्याने सांगितलं. आडनाव आमचं, गाव आमच्या भावकीचं. बापाचं आणि आज्याचं नाव त्याने न विचारता सांगितलं, आपल्याकडे सांगतातच. तिने उभ्या उभ्या मनात नातं जुळवलं, आणि तो माणूस तिचा चुलत भासरा निघाला. तिथून पुढे तिचा हात उठेना. युनिफॉर्मला पदर नसतो, तरी तो हात डोक्याकडे गेला. नाडी घे म्हटल्यावर ती खाटेशी उभ्या असलेल्या पेशंटच्या मुलाला म्हणाली, "त्याईले हात पुढं कराले सांगा." परीक्षक बाईंनी विचारलं, पेशंट बहिरा आहे का.

"आपल्या घरानं नापास केलं तिले," बायको म्हणाली. "अभ्यास कमी नोता."

"म्या काय केलं?"

"तुमी भासरे झाले."

मी भाकरी मोडत राहिलो.

पुरवणी परीक्षा दिवाळीनंतर होती. पास झाली तर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, आणि नोंदणी झाली तरच कुठलाही दवाखाना तिला सिस्टर म्हणून हातात सिरिंज देणार. भाऊ फोनच्या स्पीकरवर म्हणाला, "दादा, एवढ्या बारीनं पाहू. नाई जमलं तर वणीले घेऊन येतो. डबा तरी होईल माहा." तो वाईट बोलत नव्हता, थकलेला होता. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातून पाठांतर ऐकू यायला लागलं.

कणीक मळताना इन्सुलिन. दोन प्रकारचं एका सिरिंजमध्ये घ्यायचं तर आधी पाण्यासारखं स्वच्छ, मग गढूळ. भांडी घासताना हृदयाची गोळी. ती देण्याआधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठच्या खाली असले तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना सांगायचं. पोटॅशियम सरळ शिरेत कधीच ढकलायचं नाही, हे माझ्या बायकोला इतकं पाठ झालं की तिने ते एकदा भाजीवालीला बजावलं.

गावच्या नाटकांत मी राजा झालो आहे, पाटील झालो आहे, एका वर्षी पोरगी आजारी पडली म्हणून सासूसुद्धा झालो आहे. घरात परीक्षेची तालीम चालली आहे आणि पुरुष पेशंट कमी आहे म्हटल्यावर मला राहवेना. मी बायकोकरवी निरोप दिला की पेशंट तयार आहे, रोग सांगावा.

दुपारी जेवणं झाली की मी पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडायचो. ती मधल्या दारात पदर घेऊन उभी. बायको आमच्या मधे. पहिला रोग हृदयविकाराचा होता. मी छाती धरली, खाटेवरून अर्धा खाली लोंबलो आणि अशी आरोळी दिली की शेजारची म्हातारी कुंपणापर्यंत आली.

दारात कुजबूज झाली. बायकोने निरोप आणला. "ती म्हन्ते, छातीत दुखनारा मानूस असा बोंबलत नसते. चूप बसते. घामानं भिजते. कळ डाव्या हातात जाते, जबड्यात जाते. अन् तुमी उजवा हात धरून राह्यले."

"तिले सांग, मांगच्या लोकाईले दिसलं पाह्यजे."

पुन्हा कुजबूज. "ती म्हन्ते, वॉर्डात मांगं कोनी तिकीट काढून बसत नाई."

धाकटी सून विनोद करते हे मला त्या दिवशी कळलं. एका घरात राहून दीड वर्ष झालं होतं.

मग मी दम्याचा रोगी झालो. दम लागलेल्याला आडवं पाडायचं नाही, पाठीला उशा देऊन अर्धं बसवायचं. ही अवस्था मला फार मानवली, टीव्ही नीट दिसायचा. मी बेशुद्ध झालो. बेशुद्धाला पाठीवर ठेवायचं नाही, डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातलं बाहेर येतं, घशात जात नाही. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. वळवायला बायको यायची. "जडच झाले तुमी," म्हणायची आणि पोत्यासारखं ढकलायची.

बीपीचा पट्टा बायको माझ्या शर्टाच्या बाहीवरून गुंडाळायची. ती दारातून म्हणायची, "ताई, बाही वर करा, पट्टा उघड्या दंडावर पाह्यजे." बाही वर व्हायची, पण नळी दारापर्यंत पुरायची नाही. नाडी तर बायकोच्या बोटांतूनच मोजायची. बायको माझं मनगट धरून मोठ्याने आकडे म्हणायची, ती घड्याळाकडे पाहायची. एकदा माझी नाडी एकशे चाळीस निघाली. ती दारात गंभीर झाली. मग लक्षात आलं, बाहेर विहिरीवरची मोटर धडधडत होती आणि बायको तिचे ठोके मोजत होती.

आम्ही तिघंही हसलो, ती पदराआड. पण ते हसणं संपल्यावर प्रत्येकाला कळलं होतं. जे एक शिकायचं होतं तेवढंच वगळून आम्ही बाकी सगळं करत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात फवारणीला माणूस मिळाला नाही. कपाशी डोक्याएवढी झाली होती, बोंडात अळी दिसत होती, म्हणून पंप मी पाठीवर घेतला. पंपाचं झाकण गळत होतं. ते मला माहीत होतं, दुरुस्त करून आणायचं राहून गेलं होतं. वाराही फिरला. दोन तास झाले होते, आता निघू म्हणत मी आणखी दोन ओळी घेतल्या. घरी आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओट्याची पायरी मला दोनदा दिसली.

पुढचं काही मला आठवतं, काही बायकोने सांगितलं आहे. दोन्ही मी आता सारखंच रंगवून सांगतो.

मी खाटेवर पडलो. बायको आतून म्हणाली, "आज कोन्ता रोगी?" उत्तर आलं नाही तेव्हा बाहेर आली. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, आणि घामाने खाट भिजली होती. "ऊन लागलं," ती म्हणाली. गावात हेच म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात शेतातून आलेला माणूस पडला की कोणीही हेच म्हणेल. पंखा लावायचा, तळपायाला कांदा चोळायचा, लिंबाचं पाणी पाजायचं आणि आहे त्या कपड्यात झोपू द्यायचं. बायको लिंबू कापायला आत गेली. शेजारचे दोघं ओट्यावर आले.

मधल्या दारात ती उभी होती. ग्लास घेऊन चाललेल्या बायकोला तिने विचारलं, "ताई, त्याईच्या डोळ्यातली बाहुली पाहा. केवढी हाय?"

बायकोने माझी पापणी वर केली. "बाहुली दिसूनच नाई राह्यली वं. टिपका हाय नुसता."

उंबरठा ओलांडायला तिला किती वेळ लागला ते बायको वेगवेगळं सांगते. मला एवढं आठवतं की पायांचा आवाज आला आणि मोबाईलची बत्ती डोळ्यात आली. मग आवाज, अगदी जवळून, मधे कोणी नाही.

"डोळे उघडा. माह्याकडे पाहा. फवारनी केली का?"

ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. मला वाटतं मी मान हलवली.

तिने ग्लास बायकोच्या हातातून काढून ओट्याखाली ओतला. "ताई, हे ऊन नाई. ऊन लागलं तर आंग तापते, बाहुली अशी बारीक होत नाई. हे औषध कातडीतून जाऊन राह्यलं, अजून जाऊन राह्यलं." खताबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कोनाड्यात होत्या. तिने दोन हातांत दोन चढवल्या, मनगटाला दोरी बांधली आणि कात्रीने माझा शर्ट उभा चिरला. शेजाऱ्यांपैकी एक म्हणाला, "सूनबाई, तुमी राहू द्या, आमी पाह्यतो." ती म्हणाली, "तुमी गाडी पाहा. अन् उघड्या हातानं कपड्याले लागू नका." तो गाडी पाहायला गेला.

अंगणातल्या दगडावर तिने मला बसतं केलं, बायकोने हातांत पिशव्या चढवून मागून धरलं. अंगाच्या साबणाने डोकं, केस, कानामागे, काखा, पाठ, नखं. पाण्याची बादली संपली की दुसरी. कुंपणापलीकडे लोक जमले होते. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, तो कमरेला खोचलेला होता. माझ्या अंगावर चड्डी होती. बायको नंतर हे सांगताना इथे नेहमी थांबते आणि म्हणते, "हात लागलाच नाई म्हना, पिशवी होती मधात." पण बायकोला तेव्हा रडू आलेलं होतं हेही ती सांगते.

जीप आली. मला डाव्या कुशीवर ठेवून, हनुवटी धरून, ती यवतमाळपर्यंत मागे बसली. फवारणीच्या औषधाची बाटली एका पिशवीत गाठ मारून सोबत घेतली होती. दवाखान्यात डॉक्टरांना तिने चार वाक्यांत सांगितलं: काय फवारलं, कधीपासून, काय दिसलं, काय केलं. ती बाटली पाहून त्यांनी इंजेक्शनं सुरू केली.

त्या इंजेक्शनांनी तोंड कोरडं पडतं, छातीतलं पाणी आटतं, आणि डोकं थोडं फिरतं. माझं डोकं जोरात फिरलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली भूमिका मी त्या वॉर्डात केली असं ऐकतो. सलाईनच्या दांड्याला मी सेनापती म्हटलं, सफाईला आलेल्या मावशींना वनवास दिला. ती सगळं ऐकत खाटेजवळ उभी होती आणि माझं मनगट तिच्या बोटांत होतं. ते मात्र मला स्वप्नासारखं नाही, नीट आठवतं. तीन बोटं, अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, म्हणून अंगठ्याने नाडी घेत नाहीत. हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

शेजारच्या खाटेवर दारव्ह्याकडचा एक तरुण माणूस होता. तोही फवारणीतलाच. त्याला घरच्यांनी साखरेचं पाणी पाजून, चादरीत गुंडाळून, त्याच कपड्यात आणलं होतं, जीव तोडून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाट रिकामी झाली. त्याची आई गादीची चादर सरळ करत बसली होती. मी तोपर्यंत शुद्धीवर होतो आणि ते पाहत होतो.

घरी आलो तर गोष्ट माझ्याआधी गावात पोचलेली. पिठाच्या गिरणीवर एक बाई म्हणाली, "भासऱ्याले उघडा करून न्हाऊ घातलं म्हने." दुसरी म्हणाली, "शिकली हाय न." एवढंच, पण ते घरी येईपर्यंत मोठं झालं. धाकटीचा पदर पूर्वीपेक्षा खाली आला. स्वयंपाकघरातलं पाठांतर थांबलं. बायकोने दोनदा विचारल्यावर ती म्हणाली, "मी परीक्षेले नाई बसत, ताई. आता लोकं पाह्यतेत."

"जीव वाचवला त्याचं काई नाई?"

"थे कोनी पाह्यलं नाई. धुतलं थे पाह्यलं."

हे ऐकून मला एक सुचलं. गावात एखादी गोष्ट कुजबुजत फिरत असेल तर तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगणारा लागतो, आणि आवाज माझ्याकडे आहे. मी काठी घेतली, जरुरीपेक्षा जास्त वाकलो, आणि निघालो. पानठेल्यावर सांगितलं. न्हाव्याकडे सांगितलं. देवळाच्या पायरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, गिरणीवर तर त्या दोन्ही बायकांच्या समोर. लाळ कशी गळते ते करून दाखवलं, बाहुली कशी टिपक्याएवढी होते ते, शर्ट कसा फाडला, किती बादल्या ओतल्या. न्हाऊ घातलं हा भाग मी सर्वांत जास्त वेळ चालवला. "काहून धुतलं?" असं मीच विचारायचो, आणि मीच सांगायचो: कपडा उतरवल्याशिवाय आणि साबण लावल्याशिवाय औषध आत जाणं थांबत नाही, पाजलेलं लिंबू पोटात जातं, कातडीला पोचत नाही. शेवटी त्या दारव्ह्याच्या पोराचं सांगायचो. तिथे माझा आवाज मी न ठरवता खाली यायचा.

आठवडाभराने लोक मला पाहून रस्ता बदलायला लागले. गोष्ट शिळी झाली होती. गिरणीवरच्या बाईने आपल्या नवऱ्याच्या पंपाचं झाकण बदलून आणवलं, असं कळलं.

एका सकाळी मी पुढच्या खोलीत खाटेवर बसलो आणि बायकोला हाक मारली नाही. बाही दंडापर्यंत गुंडाळली, हात उशीवर ठेवला आणि दाराकडे न पाहता म्हणालो, "पोरी, बीपी घे माहा."

आत भांड्याचा आवाज थांबला. बायको चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मला वाटलं मी चूक केली. मग धाकटी पट्टा घेऊन आली. पदर डोक्यावर होता. खाटेच्या कडेला टेकली, कोपराच्या वर दोन बोटं सोडून पट्टा बांधला, बोटाने दंडाच्या आतली धमनी शोधली.

"बोलू नका," ती म्हणाली. "बोलल्यानं बीपी वाढते."

मी बोललो नाही. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

परीक्षेला मी सोबत गेलो. भावाला सुट्टी नव्हती. ती आत गेली आणि मी बाहेर कडुलिंबाखाली इतर मुलींच्या बापांबरोबर बसलो. कोणाला आमची गोष्ट सांगितली नाही. दुपार उलटल्यावर ती आली, युनिफॉर्मची घडी मोडलेली, चेहरा उतरलेला. निकाल पुढे महिन्याने लागला आणि ती पास झाली. आता ती वणीलाच एका दवाखान्यात सिस्टर आहे आणि डबा भाऊ करतो. पण त्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. मी चहा घेऊन दिला आणि विचारलं, "पेशंट कोन होता?"

"म्हातारा होता. अर्धांगवायूचा. बोलत नाई, समजते की नाई थेही समजत नाई. नाकात नळी."

"काय विचारलं?"

"नळीतून पातळ जेवन देऊन दाखव म्हने. नळी जागेवर हाय का ते आधी पाह्यलं. डोकं वर केलं. काहून वर केलं, विचारलं. फुप्फुसात जाऊ नये म्हनून, सांगतलं. मंग कूस बदलवली, पाठ पाह्यली, तोंड साफ केलं."

"गाव विचारलं का त्याचं?"

"बोलतच नाई न थो. कागदावर होतं, म्या वाचलं नाई." ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "कोनी नाई त्याच्यासंगं. केस लय गुतले होते. बाई दुसऱ्या खाटेकडे गेल्या तवा म्या विंचरून देले."

"त्याचे मार्क?"

"त्याले मार्क नसतेत, दादा."

कळंबची बस लागली होती. ती पुढे धावली आणि खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. मी चढलो तेव्हा खिडकीजवळची जागा तिने मला ठेवली होती आणि स्वतः शेजारी बसली होती.